लेनी हुडाक आणि ओकाम्पोचा सौदा

लेनी हुडाक लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा आणि दुपारी रेडिओवर भांडायचा. पहिल्या कामामुळे त्याला शहराच्या साउथ साइड भागातले चार रस्ते ओळखत असतील. दुसऱ्यामुळे सगळं शहर ओळखत होतं. हिवाळ्यात कुणाच्या घरातली ऊब गेली की बायको मार्लीन फोन घ्यायची, पत्ता सांगायची आणि लेनी व्हॅन काढायचा. दुपारी रेडिओवर चिपचा बेसबॉलचा कार्यक्रम लागला की व्हॅन जिथे असेल तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहायची. लेनी फोन लावून ताटकळत बसायचा, आणि नंबर लागला की ठरलेल्या वाक्यानं सुरुवात करायचा, "मी काही तज्ज्ञ नाही, पण."

त्या 'पण'च्या पुढे जे यायचं, ते ऐकायला लोक थांबलेले असायचे.

हा नाद त्याला बाप गेल्यावर लागला. म्हातारा हुडाक पोलाद कारखान्यात उभा जन्म घालवलेला माणूस. घरी आला की जेवणाच्या टेबलावर बेसबॉलवरून लेनीशी भांडायचा. कोबीचे रोल गार व्हायचे, आई भांडी आपटायची, पण शहराच्या स्टोकर्स टीमनं काल कुणाला कुठे खेळवलं यावरून बापलेकांचं जमायचं नाही. बाप गेला आणि टेबल गप्प झालं. मार्लीनला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून दमून यायची. मग एका दुपारी लेनीनं चिपला फोन लावला. बापाशी भांडायचं राहून गेलेलं तो सगळ्या शहराशी भांडू लागला.

स्टोकर्स ही टीमही अशी की भांडायला कारण कधी कमी पडलं नाही. कारखाने बंद पडले तशी टीमही रोडावत गेली, आणि चार वर्षांपूर्वी डेल प्रॅटर मॅनेजर होऊन आला. कोण खेळणार, कुठे खेळणार, कुणाला केव्हा बाहेर काढायचं, हे मैदानावर तोच ठरवायचा. लोकांनी आधी त्याला डोक्यावर घेतला. मग दुसऱ्याच वर्षी रॅमिरो ओकाम्पो गेला.

ओकाम्पो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखायचा. तिथून चेंडू जायचाच नाही. मॅच संपल्यावर कुंपणापाशी थांबून तो म्हाताऱ्या बायकांच्या टोप्यांवरसुद्धा सह्या करायचा. असा माणूस एका जुलै महिन्यात दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि बदल्यात दोन खेळाडू घेतले. प्रॅटर कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "हा निर्णय माझा आहे. मला वेगळ्या तऱ्हेची टीम बांधायची आहे."

"मी काही तज्ज्ञ नाही, पण," लेनी त्या दुपारी म्हणाला होता, "एक लंगडा आणि एक झोपाळू घेऊन ह्यानं आपला सोन्यासारखा पोरगा दिला. का दिला सांगू? पोरं ओकाम्पोचं ऐकायची, ह्याचं नाही. हा त्याच्यावर जळत होता."

ते 'जळत होता' शहरानं उचललं. बारमध्ये, न्हाव्याकडे, चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात लोक तेच बोलू लागले, आणि काही दिवसांनी ते कुणी म्हटलं होतं हेही विसरले.

त्यात गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. स्टोकर्स कशीबशी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचली होती. कोल्ब नावाचा तरुण पिचर असे चेंडू टाकत होता की समोरच्यांना बॅट लावता येईना. आठव्या डावात प्रॅटर संथ पावलांनी मैदानात गेला, कोल्बच्या हातून चेंडू घेतला आणि दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं मॅच घालवली. लेनी त्या दिवशी मार्लीनच्या भावाच्या, गसच्या, घरी होता. गसनं हातातली बशी टेबलावर इतक्या सावकाश ठेवली की लेनीला भीती वाटली.

"मी पुन्हा ही टीम बघणार नाही," गस म्हणाला.

"एप्रिलमध्ये बोलू," लेनी म्हणाला.

एप्रिलमध्ये दोघं बघत होते. या वर्षी तर टीम तळाला होती. सप्टेंबर आला तोवर चिपच्या कार्यक्रमात एकच विषय उरला: प्रॅटरला आत्ता काढायचं, की सीझन संपल्यावर.

त्याच सप्टेंबरात सरोवरावरून अवेळी थंडी उतरली आणि एका सकाळी मार्लीननं पत्ता दिला. मेपल हाइट्स, भाड्याचं घर, फोन मालकिणीचा होता. "भाडेकरू घरी असेल म्हणाली. भट्टी पेटतच नाही."

दार उघडलं ते डेल प्रॅटरनं. पायात लोकरी मोजे, अंगात जुना स्वेटर, हातात कॉफी. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता.  लेनी नुसती मान हलवून आत गेला आणि तळघर कुठे आहे ते बोटानंच विचारलं.

तळघरात तो भट्टीचं झाकण काढून गुडघ्यांवर बसला. ज्योत पेटवणारा भाग काजळीनं भरला होता. त्याला वाटलं, मुकाट काम उरकावं आणि निघावं. पण प्रॅटर जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. एकट्या माणसाला कुणी घरात आलं की बरं वाटतं, तसं त्याचं झालं असावं.

"मोठं काम आहे का?" त्यानं विचारलं.

"साफ करावं लागेल," लेनी म्हणाला. "तासभर जाईल."

 जरा वेळानं लेनीनं मान वळवली तर प्रॅटर एकटक त्याच्याकडे बघत होता.

"मी काही तज्ज्ञ नाही, पण," प्रॅटर म्हणाला, "हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

लेनीच्या हातातला ब्रश थांबला. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"तुम्ही तो कार्यक्रम ऐकता?"

"मैदानावर जायला पाऊण तास लागतो. गाडीत दुसरं काय करायचं?" प्रॅटरनं कॉफीचा घोट घेतला. "घाबरू नका. भट्टी तेवढी पेटवून जा."

लेनीला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. ज्या माणसाला रोज शंभर प्रश्न विचारावेसे वाटले, तो समोर बसलेला असताना गप्प राहिलो तर बापाला काय तोंड दाखवू, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"कोल्बला का काढलं?"

प्रॅटरनं उत्तराला वेळ घेतला नाही. "चुकलं. पोरगा दमलाय असं मला वाटलं. तो दमला नव्हता, मीच दमलो होतो. अजून ती मॅच लावून बघतो. दर वेळी वाटतं, परत फिर गाढवा."

एवढं सरळ उत्तर लेनीला अपेक्षित नव्हतं. बंद समजून लाथ मारावी आणि दार उघडंच निघावं, तसा तो लटपटला. मग त्याला दुसरं, जुनं दुखणं आठवलं.

"आणि ओकाम्पो? तो तुम्हाला डोईजड झाला होता म्हणून ना?"

आता मात्र प्रॅटरचा चेहरा बदलला. तो उठला, जिन्याचं वरचं दार लावून आला आणि पुन्हा बसला.

"माझ्या मुलीनं मला हेच विचारलं होतं. तुमचा रेडिओ ऐकून," तो म्हणाला. "मला तो सौदा झाल्यावर कळला. झाल्यावर. व्हिटकॉम्बनं बोलावलं आणि सांगितलं, पोरगा महाग होत चाललाय, दिला. मी टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, मीही जातो. तो म्हणाला, जा, पण मग तुझे मदतनीसही जातील, सगळे. त्यात एकाची बायको आजारी होती. मग त्यानं सांगितलं, कॅमेऱ्यासमोर तू उभा राहा आणि म्हण की मीच मागितलं होतं. लोक मालकावर चिडले तर तिकिटं घेत नाहीत. मॅनेजरवर चिडले तर शिव्या द्यायला का होईना, येतात."

व्हिटकॉम्ब म्हणजे टीमचा मालक. दर वर्षी सीझनच्या पहिल्या दिवशी मैदानावर येऊन मुलांना फुगे वाटायचा.

"मग सांगत का नाही लोकांना?" लेनीचा आवाज चढला. "तीन वर्षं आम्ही तुमच्या नावानं..."

"मालकाला तोंडघशी पाडणाऱ्या मॅनेजरला या धंद्यात पुन्हा कोण उभं करेल? मला दुसरं काही येत नाही. तुम्हाला भट्टी तरी येते." प्रॅटर हसला, पण त्यात हसू नव्हतं. "हे मी बोलायला नको होतं. तुम्ही बाहेर बोलणार नाही, असा शब्द द्या."

लेनीनं शब्द दिला. काजळीचा हात पुसून त्यानं प्रॅटरचा हात हातात घेतला. भट्टी पेटली. वर जाताना प्रॅटर म्हणाला, "ते लंगडा आणि झोपाळू मात्र बरोबर होतं."

दुपारी चिपचा कार्यक्रम लागला तेव्हा लेनी व्हॅनमध्ये बसून होता. फोन लावावा की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी लावला नाही.

सीझन संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रॅटरला काढलं. व्हिटकॉम्ब कॅमेऱ्यासमोर आला आणि म्हणाला, "ओकाम्पोच्या बाबतीत मी मॅनेजरवर विश्वास टाकला. ती माझी चूक होती. या शहराची मी माफी मागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गसच्या घरी मार्लीननं चिलीच्या रश्श्याचं भांडं मध्ये ठेवलं होतं, आणि गस चमचा हवेत धरून म्हणाला, "बघ, शेवटी मालकाला तरी कळलं. मोठं मन लागतं असं बोलायला."

लेनीनं चमचा खाली ठेवला.

"मालकाला आधीपासून सगळं कळत होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"तूच तर म्हणायचास, प्रॅटर जळत होता म्हणून."

"म्हणायचो. चुकीचं असेल."

"असेल? तीन वर्षं तू आमचे कान किटवलेस आणि आता म्हणतोस असेल?"

दुसऱ्या दिवशी लेनीनं चिपला फोन लावला. ठरलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. "ओकाम्पोचं खापर एकट्या प्रॅटरवर फोडू नका," तो म्हणाला. "टीमचे पैसे कोण मोजतं, एवढं विचारा."

"लेनी, बरा आहेस ना?" चिप म्हणाला. "तुला काही माहीत आहे का? असेल तर सांग, सगळं शहर ऐकतंय."

लेनीच्या ओठावर सगळं आलं होतं. तळघर, बंद केलेलं दार, आजारी बायकोचा मदतनीस. तो एवढंच म्हणाला, "मला वाटतं, इतकंच."

"वाटतं," चिप म्हणाला, आणि पुढचा फोन घेतला. पुढचा माणूस म्हणाला की लेनी म्हातारा झाला. त्याच्या पुढचा म्हणाला की प्रॅटरनं लेनीला फुकट तिकिटं दिली असतील. तेवढ्यावरच तो विषय दोन दिवस चालला.

मार्लीनला त्यानं खरं सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मार्लीन कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं तू तीन वर्षं केलंस," ती म्हणाली. "आता एकदाच बोलायला खरोखर काहीतरी आहे, तर तोंडाला कुलूप."

"शब्द दिलाय."

"ज्याला रोज शिव्या घातल्यास त्याला?"

"त्यालाच. म्हणून तर."

मार्लीननं शर्ट त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग भोग." पण त्या रविवारी गसनं पुन्हा व्हिटकॉम्बच्या मोठ्या मनाचं कौतुक सुरू केलं, तेव्हा तिनंच त्याला टेबलावरून उठवून भांडी विसळायला पाठवलं.

तो हिवाळा लेनीला जड गेला. कामं भरपूर होती, पण व्हॅनमधला रेडिओ बंदच राहायचा. प्रॅटरला दक्षिणेकडे कुठेतरी लहान पोरांची टीम मिळाली, असं कळलं. इकडे नवा मॅनेजर आला. चेहऱ्यानं गोड, बोलायला हुशार. महिनाभरात कोल्बला दुसऱ्या टीमकडे दिलं, आणि नवा मॅनेजर कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणाला की हा निर्णय माझा आहे. लेनीनं टीव्ही बंद केला. हाच खेळ पुन्हा मांडला गेला होता, आणि तो ओळखणारा सगळ्या शहरात कदाचित तो एकटाच होता.

मार्चच्या अखेरीस ओकाम्पोनं खेळणं सोडलं. त्यानं आपल्या गावच्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली, आणि ती इकडच्या पेपरातही आली. त्यात त्यानं साफ सांगितलं होतं. मला व्हिटकॉम्बनं विकलं, प्रॅटर माझ्यासाठी भांडला, मी निघालो त्या दिवशी तो वाहनतळावर येऊन रडला होता.

लेनीनं तो पेपर घेतला आणि पळतच गसच्या घरी गेला. प्रॅटरला दिलेल्या शब्दाचं बंधन आता त्याच्यावर नव्हतं; जगानंच ते सोडवलं होतं. त्यानं पेपर गसच्या समोर ठेवला, बोटानं ओळ दाखवली आणि उभा राहून वाट बघू लागला.

गसनं चष्मा लावून सावकाश वाचलं. मग पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"मग? हे मी आधीपासूनच म्हणत होतो," तो म्हणाला. "व्हिटकॉम्ब पहिल्यापासून हलकट. हे सगळ्यांना माहीत आहे."

"तू म्हणत होतास?"

"अरे, म्हणजे सगळेच. तूच मध्ये प्रॅटर प्रॅटर करत होतास." गसनं बिअरची बाटली उघडून त्याच्यासमोर सरकवली. "ते जाऊ दे. ह्या नव्या माणसानं कोल्बला दिलं, त्याचं काय? कोल्ब ह्याच्यापेक्षा जास्त लाडका होता लोकांचा. हा जळला असणार त्याच्यावर."

लेनीनं बाटलीकडे बघितलं, गसकडे बघितलं. तोंड उघडलं. सांगायला त्याच्याजवळ खूप होतं, अगदी शेवटच्या तपशिलापर्यंत, आणि आता सांगायला बंदीही नव्हती. पण गसनं एव्हाना टीव्हीचा आवाज मोठा केला होता आणि पडद्यावर नवा मॅनेजर फुगे घेऊन उभ्या असलेल्या मुलांशी हात मिळवत होता.

"आवाज कमी कर," लेनी म्हणाला. "मला तुझ्याशी भांडायचं आहे."