काकूंच्या वाट्याचा ग्लास

शरयूकाकूंची अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावच्या मराठी मंडळात जेवढी निंदा झाली, तेवढी एखाद्या चोराचीही होत नसेल. मी तिथे पीएचडी करत होते आणि काकूंच्या मुलाच्या, निमिषच्या, खालच्याच अपार्टमेंटमध्ये राहायचे. खरं काय ते मला ठाऊक आहे.

काकू सोलापूरच्या. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंककॉल जोडण्यात गेली. अर्ध्या गावाची गुपितं त्यांच्या कानांवरून गेली, पण एक शब्द कधी बाहेर पडला नाही. नवरा दारूपायी गेला, तेव्हाही त्यांनी लोकांना 'कावीळ झाली' एवढंच सांगितलं. निमिषला एकटीने शिकवलं, इंजिनीअर केलं. २००४ च्या एप्रिलमध्ये त्या सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आल्या.

निमिष दर शनिवारी त्यांना फिरायला न्यायचा. उत्तरेला दोन-अडीच तासांवर, न्यूयॉर्क राज्यातल्या लांबट तळ्यांच्या काठी द्राक्षमळे आहेत आणि वाइनची जुनी, चित्रासारखी गावं आहेत. आम्हाला त्याचं कोण कौतुक! आम्ही आपापल्या आयांना नायगरा दाखवून मोकळे झालो होतो, आणि हा श्रावणबाळ दर आठवड्याला नवं गाव दाखवत होता.

जूनमध्ये काकूंनी मलाही बरोबर घेतलं. हॅमंड्सपोर्ट फार देखणं गाव. चौकात बँड वाजवायचा छोटा मंडप, भोवती विटांची जुनी दुकानं, पलीकडे तळं. काकूंनी त्यातलं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्या निमिषकडेच बघत होत्या.

वाइन बनवतात त्या वायनरीत काउंटरवर माणशी पाच-सहा वाइन्स थोड्या थोड्या चाखायला देतात. निमिषने तिघांच्या घेतल्या. मी नको म्हटल्यावर माझ्याही प्यायला लागला. मग त्याचा हात आईच्या ग्लासकडे गेला. काकूंनी तो चटकन उचलला, डोळे मिटले आणि काढा घ्यावा तशी ती वाइन घशाखाली उतरवली. मग पुढच्याही, सगळ्याच्या सगळ्या. संकष्टीला पाण्यावर राहणारी बाई! पुढच्या वायनरीतही तेच.

निमिष बाटल्या घेत होता, तेव्हा मी त्यांना बाहेर बाकावर गाठलं. "काकू, तुम्ही पिता?"

"आधी नको म्हणायचे गं. मग माझ्या वाट्याची तोच प्यायचा. एकदा तिथे नको असलेली ओतायला भांडं असतं त्यात ओतून टाकली, तर चारचौघांत ओरडला माझ्यावर. आता मीच पिते. तेवढी तरी त्याच्या पोटात जात नाही. गाडी त्यालाच चालवायचीय ना? तुला-मला कुठे येते?"

"मग येऊच नका त्याच्याबरोबर."

"तो एकटा येईल. त्याच्या वडिलांच्या वेळी मी घरात बसून राहिले, अस्मिता. आता नाही बसायची."

"पण लोक काय म्हणतील?"

"मला म्हणू देत. त्याचं लग्न व्हायचंय अजून. झाकली मूठ बरी. तूही बोलू नकोस."

मंडळाचा गणपती नेमका शनिवारी होता. दोघं मायलेकं परस्पर वायनरीतूनच आली. आरतीत काकूंचा झोक गेला. शेजारी उभ्या असलेल्या मंडळातल्या प्रतिमाने त्यांना सावरलं आणि तिला वास आला. प्रसाद वाटून होईपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतर एकाही घरून काकूंना जेवणाचं बोलावणं आलं नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्या या बायकांचे नवरे बेसमेंटमधल्या बारपाशी काय करतात, ते मला विचारा! त्या दिवशीच मी तोंड उघडणार होते, पण काकूंनी माझा हात घट्ट दाबला. ऑक्टोबरमध्ये त्या तो कलंक घेऊनच परत गेल्या.

दिवाळीच्या फराळाला प्रतिमाकडे जमलो होतो. निमिष हातात ग्लास घेऊन एक फोटो सगळ्यांना दाखवत होता: काकू काउंटरपाशी, ग्लास तोंडाला लावलेला.

"आमच्या मातोश्रींना अमेरिकेत येऊन चटक लागली, यार! माझ्या आधी फिनिश करायची!"

सगळे खो खो हसले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेली ती मूठ खड्ड्यात. बाकावर काकू जे बोलल्या, ते सगळं मी तिथेच सांगून टाकलं. प्रतिमाने मान खाली घातली.

निमिष फोटोकडे बघत राहिला. "आई असं म्हणाली?"

"हो."

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटल्या काकू एकदाच्या. त्याने डोळे पुसले, फोटो खिशात ठेवला, आणि टेबलाशी जाऊन ग्लास पुन्हा भरून घेतला.