साहेबाच्या बाहुल्या

नातीच्या मोबाईलवर मातीच्या बाहुल्यांच्या विनोदी मालिकेचा नवा भाग लागला, की मला केळापूरजवळच्या आमच्या गावात स्वतः बनवलेले अशाच बाहुल्यांचे भाग पडद्यावर दाखवायला आलेला तो साहेब आठवतो. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. त्याच्या बाहुल्यांचे आधीचे भाग गावाला फार आवडले होते. त्या दिवशीच्या नव्या भागात मात्र आळशी शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घोरत होता आणि कापसाचं पीक वाळत होतं. कोणी हसलं नाही.

साहेब फुशारकीनं म्हणाला, "एकेक बाहुली बोटानं जराशी हलवत आणि दर वेळी फोटो काढत सहा महिने बसलो होतो."

आई उठली. "सहा महिने बाहुल्या पाह्यल्या, साहेब. एक दिवस आमचं वावर पाहाले काहून नाही आले?"

मी लाजून तिचा पदर ओढला. आता वाटतं, त्या माणसाला आम्ही पाजलेला चहासुद्धा त्याच्या लायकीपेक्षा जास्त होता.