जास्त

तिला सगळे अल्बमवाल्या वहिनी म्हणत. लग्नं लोकांची, हसू लोकांचं आणि पाठ मोडायची हिची. फोटो स्टुडिओचा मालक ढिगानं फोटो पाठवायचा. त्यातले बरे निवडायचे, कुणाच्या टकलावरची चमक उतरवायची, रुसलेल्या आत्याला कडेला सरकवायचं आणि पानं जुळवून द्यायची. हे सगळं घरच्या कम्प्युटरवर, गॅसचा ओटा आणि पलंग यांच्या मधल्या टेबलाशी बसून, जुन्या चष्म्यातून डोळे ताणत. पलंगावर नवरा असायचा.

तो आधी बस चालवायचा. बोलका माणूस, त्याची गोष्ट संपेना म्हणून लोक आपला थांबा चुकवायचे. झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. जड पेटी जिन्यावरून चढवावी तसा एकेक शब्द वर यायचा. सुरुवातीला ती वाट पाहायची. मग कामं अंगावर आली आणि त्याची वाक्यं तीच पुरी करू लागली. तो 'पा' म्हणाला की ही पाणी घेऊन हजर. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, म्हणून सवय मुरली.

अलीकडे कम्प्युटरनंही मान टाकली होती. सहावं पान उघडलं की स्क्रीन गोठायचा. अल्बम रखडू लागले, तेव्हा मालकानं स्पष्टच सांगितलं, "ताई, असं नाही चालायचं. यापुढे स्टुडिओतच येऊन बसा, इथलं मशीन चांगलं आहे." आता हिनं दिवसभर तिकडे बसायचं तर नवऱ्याला उठवणार कोण, भरवणार कोण? घरात तिसरं माणूस नव्हतं.

तिनं कम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मेमरी कमी पडतेय, वहिनी. एक पट्टी आहे मोठी, पण जरा संथ. दुसरी लहान, पण पळणारी. जागा हवी की वेग, बोला."

फोन ठेवून तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, काय घेऊ, जागा की वेग? मला तर फास्टवाली बरी वाटते. या रखडण्याचा वीट आलाय नुसता."

त्यानं नकारार्थी मान हलवली, पण ती तेव्हा पिशवी शोधत होती. "जा…" तो म्हणाला.

"जाते ना. दुकान बंद व्हायच्या आत आणते."

"जा…"

"निघालेच," म्हणत तिनं दार ओढून घेतलं.

पट्टी आणली, रिकाम्या खाचेत बसवली. आधी स्क्रीन सहाव्या पानाला गोठायचा, आता आठव्याला गोठला. एवढाच काय तो फरक. तिनं पुन्हा दुकानदाराला फोन लावला.

"जुनी पट्टी तशीच शेजारी आहे होय? मग नवी कितीही पळणारी असो, दोघी जुनीच्याच चालीनं चालणार. आणि एवढे फोटो एकदम उघडता, हे आधी नाही का सांगायचं? तुम्हाला जागा लागत होती, वहिनी." फोडलेलं पाकीट तो परत घेत नव्हता.

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीत मागे टेकली.

"जास्त," पलंगावरून आवाज आला. "मी… जास्त… म्हणत होतो."

"मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

"तू… थांबली… नाहीस."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर तिला भांडता तरी आलं असतं. आपण वेळ वाचवतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं; आपण त्याला आणखीनच मुकं करत होतो, हे आत्ता कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि एवढी लाज वाटूनही उठून त्याच्याजवळ जायचं त्राण अंगात नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं मालकाला फोन केला. "मी तिकडे नाही येणार. अल्बम घरूनच होतील, थोडी थोडी पानं करून. उशीर होईल. जमत नसेल तर दुसरं कुणी बघा."

"बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या 'बघतो'चा अर्थ तिला नवा नव्हता.

ती पलंगाच्या कडेला टेकली.

"च…" तो म्हणाला.

चहा. ती अर्धी उठलीसुद्धा होती. मग पुन्हा बसली आणि हात मांडीत धरून ठेवले. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ वाकडे झाले, शब्द हुकला, पुन्हा सुरू झाला. ती वाट पाहत राहिली.

"चष्मा… बदल," तो म्हणाला. "डोळे… दुखतात… तुझे. दिसतं… मला."