अक्कलदाढ माझी, खुर्चीत बसला भाऊ

मंगळवारी नागभीडहून चंद्रपूरला गेले होते... दाताच्या डॉक्टरकडे. खालची अक्कलदाढ ठणकत होती, गाल सुजलेला, तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडत होतं. माझी बडबड बंद म्हणून घरचे खूश.

सोबत थोरला भाऊ होता. गाडीत बसल्याबसल्या त्याने खिशातून खर्रा काढला... सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला. आमच्याकडे चहा विचारावा तसा हा विचारतात.

"थोडासा दाढेपाशी धरून ठेव, सुन्न पडते," तो म्हणाला. "मले बी अक्कलदाढच हाय. वर्ष झालं, तोंड पुरं उघडत नाई. मी असाच धरतो."

मी नको म्हटलं. त्याच्या दाढेचं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

डॉक्टर मॅडमनी माझा एक्स-रे दाखवला. दाढ चक्क आडवी झोपलेली. म्हणाल्या, हे फार कॉमन आहे... जबड्यात जागा नसली की खालची दाढ अशी अडकते, अर्धीच वर येते. तिच्यावर आलेल्या हिरडीखाली अन्न अडकून सूज येते, कान दुखतो, तोंड उघडत नाही. गोळ्या घ्या, सूज उतरली की काढू.

भाऊ लगेच पुढे झाला. "मॅडम, माहंही हेच हाय. माही बी काढून टाका."

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. तोंडात दोन बोटंही नीट जाईनात. गाल आतून चाचपला, तिखट झोंबतं का विचारलं, एक्स-रे काढला... मग हातमोजे काढून तो आमच्यासमोर धरला.

त्याच्या दाढा सरळ होत्या. कधीच्याच नीट आलेल्या. खर्र्याने गाल आतून कडक झाला होता, आणि मागे एक पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवला आहे.

ज्यानं तोंड मिटत चाललं होतं, तेच तो औषध म्हणून वर्षभर लावत होता...

परतताना सवयीने त्याचा हात खिशात गेला. पुडी निघाली. खाल्लीही नाही, फेकलीही नाही... नागभीड येईपर्यंत मुठीत धरून बसला. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

माझ्या आडव्या दाढेचे आभार मानते. ती दुखली नसती तर तो त्या खुर्चीत बसलाच नसता.

रिपोर्ट यायचा आहे. माझं तोंड आठवड्याभरात उघडेल, असं मॅडम म्हणाल्या... भावाबद्दल तसं काही म्हणाल्या नाहीत.