लॉगआउटच्या बटणावरचा शब्द

आधीच सांगून ठेवते — कमेंटमध्ये मंत्र, अंगारे आणि बुवांचे पत्ते टाकू नका. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. मी टेस्टर आहे. 'आपोआप झालं' असं कुणी म्हटलं की मी आधी पुरावा मागते. तरी हे लिहितेय, कारण झालं ते झालं.

मी पेणची. रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जाते. बाजारपेठेत एका मेडिकलच्या वर आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. गेल्या वर्षी आम्ही कंत्राटी कामगारांसाठी वेबसाइट करत होतो. मोबाइल नंबर, पासवर्ड टाकून लॉगिन करायचं, शिफ्ट बघायची, गेटपास काढायचा. माझं काम टेस्ट लिहायचं. म्हणजे असा प्रोग्राम, जो माणसासारखा साइट उघडतो, पासवर्ड टाकून आत शिरतो, बटणं दाबून बघतो. लॉगिन खरंच झालं का, हे कळायला सोपी खूण — आत गेल्यावरच दिसणारं लॉगआउटचं बटण. प्रत्येक टेस्ट सुरुवातीला एक खोटा युजर तयार करते आणि संपल्यावर पुसून टाकते. मागचं पुढे काही उरत नाही.

दहा खोट्या युजरना दहा नावं हवी होती. मी घरचीच दिली... आई, मामा, आत्या, शेजारचे काका. आणि बाबा, दामोदर म्हात्रे. बाबा त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला जायचे. जाताना बसमध्येच हार्ट अटॅक आला.

आता माझी चूक ऐका. बटणावर लिहिलं होतं 'बाहेर पडा'. टेस्टने बटणावर शोधायचा शब्द म्हणून मी टाइप केलं 'येतो'. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे लहानपणापासून डोक्यात इतकं बसलेलं की हाताने परस्पर तेच लिहिलं. साहजिकच नऊ टेस्ट लाल झाल्या, म्हणजे नापास. दहावी हिरवी. बाबांची.

चुकीची टेस्ट पास होणं हे आमच्या धंद्यात पाप. मी स्क्रीनशॉट काढला. बाबांच्या नावाने उघडलेलं पान, कोपऱ्यात बटण, आणि बटणावर 'येतो'. साइट लिहिणाऱ्या ओंकारने अख्खा कोड पिंजून काढला. तो शब्द फक्त माझ्या टेस्टमध्ये होता. मग मी चूक सुधारली, तिथूनही काढला. आता नऊ हिरव्या आणि बाबांची लाल... बटणावर 'येतो' तसाच. युजरचं नाव बदललं की सगळं सुरळीत.

"मग नाव बदल आणि मोकळी हो," आमच्या टीम लीड प्रज्ञा मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी डिलिव्हरी आहे."

"उद्या खराच कुणी दामोदर म्हात्रे लॉगिन करेल, तेव्हा?"

"तर ती टेस्टच काढून टाक."

"नाही काढणार."

"शुक्रवारी दुपारपर्यंत हिरवी कर, नाहीतर मी काढते."

बाबांचं नाव कुणी तरी पुसणार, हेच मला सहन होत नव्हतं. तेव्हा मात्र मी नियमांच्याच गप्पा मारल्या.

घरी येऊन आईला तावातावाने सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबले.

"त्या शेवटच्या दिवशी ते येतो बोलले, तवा तू ओ दिलीस का गो?"

नव्हती दिली. बाबांनी मला न विचारता एका स्थळाला रविवारी बोलावलं होतं. मी अबोला धरला होता. दारात उभं राहून ते म्हणाले, "येतो गो." थांबले. पुन्हा म्हणाले. मी मिक्सर सुरू केला. याची लाज मला आजही वाटते.

"मंग दे आता."

"आई, ते मशीन आहे!"

"मशीन हाय तर तू रडतेस कशाला?"

शुक्रवारी दुपारी सगळ्यांचे डबे उघडले होते. मी बाबांची टेस्ट चालवली. लाल. बटणावर 'येतो'. यातलं काही खरं नसतं हे एकदाचं सिद्ध करून टाकायला मी चिडूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्क्रीनकडे बघून म्हटलं, "या बाबा. सावकाश या." शेवटी आवाज फाटला. ओंकारने हातातला घास खाली ठेवला.

टेस्ट पुन्हा चालवली. हिरवी. बटणावर 'बाहेर पडा'.

मॅडमनी टाळी वाजवली. मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडले. त्यानंतर ती टेस्ट मी शेकडो वेळा चालवली असेल, मुद्दाम 'येतो' टाकूनही. तो शब्द परत आला नाही.

बग, म्हणजे नोंदवलेली चूक, बंद करताना फॉर्म भरावा लागतो. मॅडम म्हणाल्या, "कॅशचा घोळ होता असं लिही." कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी पानं, आम्ही पहिल्याच दिवशी साफ केली होती, खोटं मी लिहिणार नव्हते. 'उपाय' या रकान्यात मी लिहिलं — उत्तर दिलं. 'कारण' या रकान्यात लिहिलं — माहीत नाही.

"क्लायंट हसेल," त्या म्हणाल्या.

"हसू दे. पण यातलं अक्षर बदललंत तर माझा राजीनामा घ्या."

अजून कुणी बदललेलं नाही.