अकरा वर्षं न ओळखलेली खिरापत

इंदूबाई गावंडे रायपूरच्या गुढियारीतल्या त्या प्राथमिक शाळेत कोणीच नाहीत. शिक्षिका नाहीत, पालक-समितीत नाहीत, हजेरीपटावर कुठे सही नाही. तरी फाटकावरचा चौकीदार त्यांना कुठे चाललात म्हणून विचारत नाही. पहिलीच्या पोरांची नाकं पुसणं, पंधरा ऑगस्टला बुंदीची पुडकी बांधणं, डोळे आले की कोणाला घरी पाठवायचं ते ठरवणं ही कामं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली आणि ती त्यांचीच होऊन गेली. मोठी नात शाळेत गेली तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या. मोठी शिकून बाहेर पडली, धाकटी अनुश्री आली. आता अनुश्रीही पाचवीत आहे, म्हणजे हे शेवटचं वर्ष.

बाई हिंगणघाटच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली. नवरा पांडुरंग रेल्वेत वॅगनदुरुस्तीला होता, आता निवृत्त आहे आणि दिवसाचे चार तास पेपर वाचतो. इंदूबाईंनी माहेराहून रायपूरला जे आणलं त्यात भुलाबाई होती. वऱ्हाड-नागपूरकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर मातीच्या भुलोजी-भुलाबाईसमोर टाळ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. खिरापत म्हणजे झाकणबंद डब्यातला खाऊ. पोरी डबा हलवतात, कान लावतात, गोड की खारं विचारतात, नावं घेत सुटतात. ओळखला तर डबा उघडतो. नाहीच ओळखला तर पोरी हरल्या म्हणायचं आणि मग उघडतो. खायला दोन्हीकडून मिळतंच, पण डबा आणणारीची शान तो न ओळखला जाण्यात असते.

इंदूबाईंनी हे अकरा वर्षांपूर्वी शाळेत सुरू केलं, महिनाभर नाही, दसऱ्यानंतरचे शेवटचे पाच दिवस. मूर्ती कुंभाराने छत्तीसगढी गौरा-गौरीच्या, म्हणजे शिव-पार्वतीच्या, ओळखीने घडवल्या, भुलोजीला झुपकेदार मिशा दिल्या, कोणी हरकत घेतली नाही. शाळेतली निम्मी पोरं छत्तीसगढी, उरलेली बिहारी, ओडिया, थोडी मराठी. गाण्यातले शब्द सगळ्यांचेच चुकतात. खिरापतीला मात्र सगळे तयार. आधीचे चार दिवस शाळा लाह्या-फुटाणे वाटायची. कोजागिरीचा डबा इंदूबाईंचा.

त्यांचा डबा अकरा वर्षांत एकदाही ओळखला गेला नाही. कधी त्या तिखुराच्या, म्हणजे इकडच्या तवकिराच्या, वड्या न्यायच्या आणि डब्यात लाकडी रीळ टाकायच्या, म्हणजे हलवलं की भलताच आवाज यावा. कधी मोहाचे लाडू ओल्या फडक्यात, आवाजच नाही. काय नेणार ते घरात कोणाला सांगायच्या नाहीत. पांडुरंगने एकदा पातेल्यात डोकावून पाहिलं तर त्याला दोन दिवस टोमणे ऐकावे लागले. दुसऱ्याचा डबा मात्र आपण झाकणावरून नुसत्या वासाने सांगतो, असं त्या म्हणत आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं.

या जुलैमध्ये शर्मिष्ठा आली.

शर्मिष्ठा अमरावतीची. नवऱ्याची बदली झाली म्हणून रायपुरात आली, मुलगी साक्षी पाचवीत, अनुश्रीच्याच बाकावर. महिनाभरात तिने पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. ऑगस्टमध्ये दोन वर्गांच्या भिंती रंगवून घेतल्या, रंग पालकांचा, मेहनतही पालकांची. रविवारी सात-आठ बाप शिड्यांवर चढलेले इंदूबाईंनी स्वतः पाहिले. अकरा वर्षांत त्यांना एक बाप खुर्ची उचलायला मिळाला नव्हता.

"ते बाई शाळा चालवायले आली का?" घरी येऊन त्यांनी पांडुरंगला विचारलं.

"रंगवून राहिली, झाडून राहिली. तुले काय तरास हाय?"

"मंग मी अकरा वर्षं काय केलं?"

"डबा नेला," पांडुरंग पेपरातून मान वर न करता म्हणाला.

त्या दिवशी पांडुरंगला चहा उशिरा मिळाला.

पण भिंतींचं दुःख त्यांनी गिळलं असतं. बोचत होतं ते दुसरंच. अनुश्री शाळा सुटली की साक्षीच्या घरी जाऊ लागली. परत आली की तिच्या तोंडी आंटी. आंटी असं बोलतात, आंटींच्या घरी कागदाचे कंदील केले, आंटींनी माझी वेणी अशी घातली. इंदूबाई रोज सकाळी त्या केसांना तेल लावून दोन वेण्या घालत. एका संध्याकाळी पोरगी चार पेडांची वेणी घालून आली. इंदूबाईंनी ती सोडली, विंचरली आणि पुन्हा दोन घातल्या.

"आजी, अच्छी तो लग रही थी."

"गुंता होते त्यानं."

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात मुख्याध्यापिका विमला दीदींनी बैठक घेतली. शर्मिष्ठाचं म्हणणं सरळ होतं. पाच दिवस आहेत, तर पाच आयांनी डबे आणावेत, सगळ्यांना यात येता येईल. कोणाचा दिवस कोणता, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू.

"इंदू दीदी, सबको मौका मिलना चाहिए न?" विमला दीदींनी विचारलं.

"हव, मिलना चाहिए," इंदूबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? सगळ्या बाया त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"काकू, तुम्हाला चालेल ना?" शर्मिष्ठाने वळून विचारलं. "तुमचा खूप वर्षांचा मान आहे, असं ऐकलं मी."

"मानाचं काय हाय त्यात. पोरायचा खेळ हाय."

चिठ्ठ्या काढायला अनुश्रीला बोलावलं. डोळे मिटून तिने एकेक काढली. दुसरा दिवस इंदूबाईंचा आला. कोजागिरीचा शर्मिष्ठाचा.

घरी चपला काढताना इंदूबाई नातीला म्हणाल्या, "तुले दुसरी चिठ्ठी नाही सापडली?"

"आँख बंद थी मेरी, आजी."

हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी राग पोरीवर राहिला.

दुसऱ्या दिवसासाठी त्यांनी काहीच केलं नाही. तिखुर आणून ठेवलेलं होतं, त्याला हात लावला नाही. ते कोजागिरीचं होतं. गूळ-मुरमुऱ्यांचे लाडू वळले आणि साध्या डब्यात घालून नेले, फडकं नाही, रीळ नाही. पहिलीतल्या एका पोराने डबा हलवला आणि तिसऱ्याच नावाला ओळखलं. टाळ्या पडल्या. शर्मिष्ठाही टाळ्या वाजवत होती.

"मीच सोपं ठेवलं," इंदूबाई म्हणाल्या. तसं कोणी विचारलेलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला त्या अर्धीच पोळी खाऊन उठल्या. दुखत काय होतं ते त्यांना नीट कळत होतं. अकरा वर्षांचा हिशेब त्या पोराने तीन शब्दांत मोडला होता आणि तो मोडायला दिला त्यांनीच. आता उरलं होतं एकच. शर्मिष्ठाचा डबाही ओळखला गेला पाहिजे, लवकर, पहिल्या दमात, सगळ्यांदेखत.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी गोल बाजारात त्यांना शर्मिष्ठा दिसली. किराण्याच्या दुकानातून पिशवी घेऊन निघत होती. इंदूबाई शेजारच्या भांड्यांच्या दुकानात वळल्या, एका कढईची किंमत विचारली आणि ती गेल्यावर किराणावाल्याकडे गेल्या. तो त्यांचा पंचवीस वर्षांचा ओळखीचा.

"भैया, वो मैडम क्या ले गई?"

"राजगिरा, गुड़, खसखस. क्यों, दीदी?"

"हमको भी वही चाहिए होगा शायद. सोचके बताती हूँ."

राजगिरा, गूळ, खसखस. राजगिऱ्याच्या वड्या, वरून खसखस. परतीच्या ऑटोत इंदूबाईंना खूप दिवसांनी बरं वाटलं. एवढं साधं. शहाणी म्हणवते आणि बाजारातल्यासारख्या वड्या आणते.

संध्याकाळी त्यांनी अनुश्रीला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"उद्याले तू पहिलं नाव काय घेजो, माहीत हाय?"

"क्या?"

"राजगिऱ्याची वडी."

अनुश्रीने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "आपको किसने बोला?"

"तुले काय करायचं? तू सांगजो फक्त. मोठ्यानं."

"मैं नहीं बोलूँगी, आजी."

"काहून?"

पोरगी दार उघडून निघून गेली. आंटीचं मन मोडायचं नाही, असा इंदूबाईंनी त्याचा अर्थ लावला आणि तो अर्थ त्यांना फार लागला.

कोजागिरीला पाचच्या सुमारास शाळेच्या मैदानात सतरंज्या पडल्या. दुधाचं पातेलं एका कोपऱ्यात, भुलोजी-भुलाबाई ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात. ज्वारी मिळवायला शर्मिष्ठाच्या नवऱ्याने कुठल्याशा गावापर्यंत गाडी नेली होती. आतापर्यंत इंदूबाई मक्याच्या धांड्यांवर भागवत. त्या मागच्या रांगेत बायांमध्ये बसल्या. गाणी झाली. टाळ्यांचा ठेका चुकला, सावरला, पुन्हा चुकला. चंद्र मालधक्क्याच्या शेडवर आला तेव्हा शर्मिष्ठाने डबा मधोमध ठेवला. पितळेचा, जुना, कडीचा डबा.

पोरं तुटून पडली. हलवला, आवाज नाही.

"मीठा कि नमकीन?"

"मीठा," शर्मिष्ठा म्हणाली.

लाडू, खीर, पेढा, जलेबी, खुरमी, करंजी. एक पोट्टा केक म्हणाला, सगळे हसले. नावं संपत आली. डबा तसाच. अनुश्री साक्षीच्या शेजारी हाताची घडी घालून बसली होती, ओठ आत ओढलेले. इंदूबाईंनी मागून दोनदा खाकरून पाहिलं. पोरीने मान वळवली नाही.

"हार मान ली?" विमला दीदींनी विचारलं.

पोरं चुळबुळली. म्हणजे न ओळखलेला डबा. तोही कोजागिरीचा. पहिल्याच वर्षी.

खिरापत मोठ्या बायांनी ओळखायची नसते. हा नियम शाळेत इंदूबाईंनीच घातला होता. एकदा एका आईने मध्येच नाव घेतलं तर त्यांनी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं होतं. तरी त्या बोलल्या. त्यांच्या कानांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"राजगिऱ्याची वडी."

पोरांनी मागे वळून पाहिलं. विमला दीदी काहीतरी म्हणायला गेल्या आणि थांबल्या.

शर्मिष्ठाच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग ती म्हणाली, "नाही काकू. राजगिरा सासूबाईंच्या पौर्णिमेच्या उपासाचा होता." राजगिऱ्याचं यांना कसं कळलं, हा प्रश्न तिला त्या क्षणी पडला असावा. तिने तो विचारला नाही.

डबा उघडला. केळीच्या पानात गुंडाळलेली कोहळ्याची बोंडं होती. लाल कोहळ्याचा कीस, गूळ, कणीक, वरून खसखस, तुपात तळलेली.

वास सतरंजीच्या टोकापर्यंत आला. इंदूबाईंनी तो ओळखला तेव्हा डबा उघडलेला होता. हिंगणघाटला त्यांची आई हेच करायची, याच दिवसांत. रायपुरात हा पदार्थ कोणाला ठाऊक नाही म्हणून त्यांनीच तो कधी केला नव्हता, डब्यासाठीसुद्धा नाही. अर्धा तास डबा त्यांच्यापासून दहा हातांवर होता. एकदाही त्यांनी नाकाने काम घेतलं नाही. किराणावाल्याच्या शब्दावर बसून राहिल्या.

शर्मिष्ठा ताट घेऊन मागे आली. "घ्या काकू. तुमच्याकडे अशीच करतात का? आमच्याकडे थोडी वेलची असते."

इंदूबाईंनी एक घेतलं. खोट शोधत खाल्लं. गूळ बरोबर होता, तूप पाझरत नव्हतं, आत कच्चं राहिलं नव्हतं.

"आमच्याइकडे जायफळ टाकतात," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वेळी घालून पाहते."

"पाहा."

सातच्या पुढे आजी-नात घरी निघाल्या. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी सरकत होती, डबे मोजून संपणार नाहीत अशी. दोघी उभ्या राहिल्या.

"तुले माहीत होतं," इंदूबाई म्हणाल्या.

"हाँ."

"कवापासून?"

"कल से. कद्दू मैंने घिसा था. साक्षी का हाथ कट गया तो बाकी का मैंने."

"आन मले सांगितलं नाही. मी राजगिरा म्हणली तवाबी नाही."

"आप भी तो किसी को नहीं बतातीं, आजी. आजोबा को भी नहीं. आप ही बोलती हो, डब्बे का नाम घर में नहीं लेना."

मालगाडी चालूच होती. पोरीने शिकवलेलं नीट उचललं होतं, अगदी त्यांच्यासारखं. फक्त ते दुसरीच्या डब्यासाठी वापरलं. चार पेडांच्या वेणीपेक्षा हे जास्त झोंबलं.

"पाक केला का गुळाचा? का कच्चाच टाकला?" त्यांनी विचारलं.

"नहीं बता सकती. आंटी ने मना किया है."

"मी तुही आजी हाय."

"पता है."

फाटक उघडलं. दोन्ही बाजूंच्या स्कुटरी एकदम सुटल्या. इंदूबाईंनी पोरीचा हात धरला, रूळ ओलांडले आणि पलीकडे गेल्यावर सोडला नाही.

"बरं. नको सांगू," त्या म्हणाल्या.

घरी पांडुरंग दारातच खुर्ची टाकून बसला होता. "काय निघालं डब्यात?"

"कोहळ्याचे बोंडं."

"अरे वा. लय वर्षं झाले. कसे होते?"

इंदूबाई मोरीवर गेल्या, पाय धुतले, पदराने तोंड पुसलं. पांडुरंग वाट पाहत होता. अनुश्रीही पाहत होती.

"चांगले होते," त्या म्हणाल्या. "आता त्याच्यावर अजून काही इचारू नका."