दार दोनदा उघडलं

भुताखेतांचे धागे मी इथे टाइमपास म्हणून वाचतो, कमेंटमध्ये लोकांची खेचतोही. आता माझी खेचलीत तर तक्रार नाही.

मी महापेला एका टेलिकॉम कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम करतो. इमारतींच्या गच्चीवरच्या मोबाईल टॉवरच्या मशीनचे अलार्म स्क्रीनवर बघायचे. वीज गेली, मशीन तापलं, कॅबिनेटचं दार उघडलं... प्रत्येकाची एक ओळ येते. ओळ दिसली की आपल्या नावाने ‘पाहिलं’ अशी नोंद करायची. दार बराच वेळ उघडं राहिलं, तर तिथल्या माणसाला फोन करायचा.

आमचे फील्ड टेक्निशियन तात्या तळवलीचे. साइटवर गेले की कॅबिनेटचं दार दोनदा उघडबंद करायचे, मग फोन. “दिसला का रं? पोचलो मी.”

“दिसला, तात्या. रोज काय विचारता?”

“गच्चीवर येकटा असतो. कोनीतरी बघतंय, तेवरा बरा वाटतं.”

बोनकोड्याच्या एका इमारतीत रंगकाम निघालं. रंगाऱ्यांचे धक्के लागून गच्चीवरच्या कॅबिनेटचा दाराचा अलार्म दिवसभर येत-जात होता. वैतागून मी तो मास्क केला, म्हणजे स्क्रीनवर दिसणारच नाही असं सेटिंग. संध्याकाळी काढायचं होतं... विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नेमके तिथेच गेले. दार उघडलं आणि छातीत कळ आली. माझ्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. मी मजेत चहा पीत होतो. दुपारी वॉचमन टाकी बघायला वर गेला, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, “जरा आधी आणलं असतं तर—” आणि थांबले.

दहाव्याला तात्यांच्या पत्नी, काकू, मला म्हणाल्या, “त्ये सांगायचे, तू स्क्रीनसमोर बसला असलास का काळजी नाय.” मी मास्कचं न सांगताच निघालो.

पुढे ती साइट बंद झाली. कॅबिनेट टेम्पोत चढताना मी मुद्दाम जाऊन पाहिलं. आमच्या यादीत साइटचं नुसतं नाव उरलं.

मागच्या गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, त्या नावाची ओळ आली. दार उघडलं. बंद. पुन्हा उघडलं. बंद.

मी ‘पाहिलं’ अशी नोंद केली. “दिसला, तात्या,” मी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या श्वेताने चमकून पाहिलं. तिच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं.

लॉग काढला. अलार्म आल्याची नोंद नाही. माझी ‘पाहिलं’ मात्र आहे, नावानिशी, वेळेसकट... आणि अलार्म नसेल तर सिस्टीम ती नोंद घेतच नाही! सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर येऊन डोकं खाजवून गेला. मलाही आजवर काही कळलेलं नाही.

काल तळवलीला जाऊन काकूंना सगळं सांगितलं. मास्कचंसुद्धा.

“दोनदा उघरला ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग पोचले त्ये,” म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मला माफ केलं का, ते विचारायची हिंमत झाली नाही.